चिखलाच्या संगमावरचं शहर

आमच्या वर्ध्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागतं. त्यामुळे क्वालालंपूर म्हणजे 'चिखलाचा संगम' हे कळलं, तेव्हा मलेशियाची ती राजधानी मला ओळखीची वाटू लागली.

क्लांग आणि गोम्बाक या नद्या तिथे मिळतात. १८५७ साली कथलाच्या शोधात तिथे ८७ चिनी मजूर उतरले. त्यांतले बहुतेक महिन्याभरात मलेरियानं गेले. पुढे रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर आले. आज संगमावर १९०९ सालची जामेक मशीद आहे. जवळच महामारिअम्मनचं मंदिर आणि त्याच रस्त्यावर चिनी देऊळ.

४५२ मीटर उंच पेट्रोनास मनोरे मान दुखेपर्यंत पाहिले. आई मात्र घरून आणलेल्या दशम्यांवरच होती. ज्या गावातलं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली सर्वांसाठी खुलं झालं, त्याच गावची ती. पण परक्याच्या ताटाची अढी काही सुटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दशम्या संपल्या. आम्ही एका तमिळ मुसलमानाच्या हॉटेलात शिरलो. तिथल्या चटण्यांत सुकी मासळी असते, म्हणून शाकाहारी माणसानं आधी विचारावं. मी विचारलं आणि रोटी चनाई व डाळ मागवली. कारागीर मैद्याचा गोळा हातावर फिरवून पातळ करत होता. आई बघत राहिली.

"अवं, हा तं आपल्या मटक्यावरच्या लांब रोटीवानीच हात फिरवते!"

दुसरी रोटी तिनं स्वतः मागितली. त्या प्रवासात मी पाहिलेलं सर्वांत मोठं स्थळ हेच.