बारोलोला घाई चालत नाही

निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्यासारख्याची हयात तीन गोष्टींशी भांडण्यात जाते: बी, साल आणि आंबटपणा. गिऱ्हाइकाला बिनबियांचं थॉमसन हवं, साल दाताला लागता कामा नये, मणी टपोरा हवा. त्यासाठी आम्ही घड जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लात बुडवतो, विरळणी करतो, साखर मोजायचं ब्रिक्स मीटर घेऊन ओळीओळीनं फिरतो. इटलीच्या वायव्येला, पिएमोन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर मात्र याच तीन गोष्टींच्या जिवावर एक नामांकित रेड वाइन उभी आहे. तिचं नाव बारोलो. ती सावकाश प्यावी, असं जो तो सांगतो. का प्यावी, ते मला तिथल्या बागेत उमगलं.

भाचा नोकरीनिमित्त पिएमोन्तेतल्याच तोरिनो शहरात असतो. ऑक्टोबरची छाटणी मुलावर सोपवून मी त्याच्याकडे गेलो, ते नेमके तिकडच्या तोडणीचे दिवस. ला मोर्रा गावच्या उतारावर वेली तारांवर ताणलेल्या, मांडव कुठेच नाही. द्राक्षाची जात नेब्बिओलो. मणी बारका, त्यावर करडी लव, साल पातळ पण चिवट. वसंतात सगळ्यांआधी फुटणारी आणि सगळ्यांनंतर पिकणारी ही जात. बागेच्या म्हाताऱ्या मालकानं दोन मणी माझ्या हातावर ठेवले आणि खुणेनंच सांगितलं, बी थुंकू नको, चाव. पहिल्या मण्यातली बी तपकिरी होती, कुरकुरीत फुटली. दुसरा मणी सावलीतल्या घडाचा. त्याची बी हिरवट, कडू जहर. म्हातारा हसला आणि तो सावलीतला घड तसाच वेलीवर ठेवून पुढे गेला. साखर तोही मोजतो, पण तोडायचं कधी हे बी चावून ठरवतो.

बारोलो हे गावाचं नाव असलं, तरी ही वाइन अकरा गावांच्या शिवारात होते आणि तिचे कायदे कडक आहेत. हेक्टरी 8 टनांहून जास्त माल चालत नाही, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. आमच्याकडे एवढाच माल निघाला तर सोसायटीचं कर्ज फिटायचं नाही. पुढे वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. ही मोजणी तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून होते. 2021 च्या द्राक्षांची बाटली 1 जानेवारी 2025 च्या आधी विकता येत नव्हती. ‘रिझेर्व्हा’ म्हणायचं असेल तर 62 महिने.

एवढं थांबायचं कारण त्या सालीत आणि बीत आहे. दोन्हींत टॅनिन असतं. रस सालीबियांसकट आंबतो, पुढेही काही दिवस त्यांच्यावरच ठेवतात आणि टॅनिन रसात उतरतं. कोवळी बारोलो तोंडात घेतली की जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ आखडते. खरं तर हा तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाचा जास्त. लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं. पिंपात आणि बाटलीत वर्षं गेली की ही धार बोथट होते. पेल्यात हवा लागली की वास मोकळे होतात, म्हणून पिणाऱ्यानंही थोडं थांबायचं.

आता पिण्याकडे. वाइन 16 ते 18 अंश सेल्सियसला असावी. नाशिकच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास तरी फ्रीजमध्ये ठेवा. पेला पोटाशी रुंद घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून पाहा. रंग इतका फिका दिसतो की पाणी घातलंय की काय असं वाटावं. जुनी असेल तर कडेला विटकरी छटा. नेब्बिओलोचा स्वभावच तो. फिक्या रंगावरून तिला हलकी समजू नका, अल्कोहोल 13 टक्क्यांच्या खाली नसतं.

आधी न हलवता वास घ्या, मग पेला गोल फिरवून पुन्हा. मला सुरुवातीला नुसती दारू जाणवली. पेला खाली ठेवताना भाचा म्हणाला, “मामा, अजून थोडं थांबा.” जेवणाच्या गप्पा झाल्यावर पुन्हा नाक घातलं तर वाळलेल्या गुलाबपाकळ्या, मागून ज्येष्ठमध आणि चक्क ताज्या रस्त्यावरचं डांबर. गुलाब आणि डांबर ही जोडी बारोलोची ओळख मानतात. मग छोटा घोट तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, लगेच पटेल.

शिकायचं तर दोन पेले शेजारी ठेवावेत. एका बाजूला ला मोर्राची बारोलो, दुसऱ्या बाजूला त्या अकरांतल्याच सेर्रालुंगा गावची. जात तीच, कायदा तोच, अंतर काही मैलांचं. माती वेगळी म्हणून ला मोर्राची वाइन बहुधा सुवासिक आणि मऊ, सेर्रालुंगाची ताठ आणि तुरट. गटागटा प्यायलात तर दोन्ही सारख्याच.

सोबत तिथे बारोलोत शिजवलेलं गोमांस किंवा मुरलेलं चीज असतं, कारण टॅनिन त्यातल्या प्रथिनांना आणि स्निग्धाला धरतं आणि जीभ सुटते. आपल्याकडे कमी तिखटाचं मटण चालेल. झणझणीत रस्सा नको. तिखटानं अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही अंगावर येतात. बारोलो महाग, आयात शुल्कानं आणखी महाग. ‘लांगे नेब्बिओलो’ हे त्याच द्राक्षाचं स्वस्तातलं भावंड. अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं सांजोव्हेजे ही तोस्कानाची जात लावली आहे. सराव तिच्यावरही होतो.

या सावकाशीचा शेतकऱ्याशी काय संबंध, ते 1986 साल सांगतं. साध्या वाइनचा भाव तेव्हा अल्कोहोलच्या टक्क्यावर ठरे. तो टक्का स्वस्तात वाढवायला भेसळखोरांनी मिथेनॉल घातलं आणि माणसं दगावली. त्या प्रकरणाचं केंद्र बारोलोला खेटून असलेलं नार्झोले. पिएमोन्तेच्या वाइनची पत त्या वर्षी धुळीला मिळाली. जवळच्या ब्रा गावचे कार्लो पेत्रिनी त्याच सुमारास रोममधल्या मॅकडोनाल्ड्सविरुद्ध उभे राहिले. त्यातून स्लो फूड चळवळ निघाली, तिचा जाहीरनामा 1989 मध्ये पॅरिसला झाला.

आज बारोलोच्या बाटलीवर शिवाराचं नाव छापता येतं, कुठल्या उताराचा माल हे कळतं. माझी द्राक्षं व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये पडली की निफाडची कोणती वाडी, कोणती जमीन, याला अर्थ उरत नाही. भाव साइझवर आणि किलोवर. लांगेच्या म्हाताऱ्याला उताराचा भाव मिळतो, कारण तो उतार ओळखणारं कुणीतरी टेबलाशी थांबून बसलेलं असतं. फरक ओळखणारं गिऱ्हाईक असेल तरच फरक पिकवणं परवडतं. एवढ्यासाठी तरी पुढचा पेला, वाइनचा असो की द्राक्षरसाचा, जरा दमानं घ्या.