पारख करणाऱ्यांचे मंडळ

ग्रंथाचे गुणदोष पारखून ते वाचकांपुढे मांडणे, हे समीक्षकाचे कार्य होय. अमेरिकेतील समीक्षकांनी १९७४ साली न्यूयॉर्क येथे 'नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल' हे मंडळ स्थापन केले. तेथे इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या उत्तम ग्रंथांना हे मंडळ दरवर्षी पारितोषिके देते. लेखक कोणत्याही देशाचा असो, ग्रंथ मात्र कसास उतरला पाहिजे. मंडळाचे २४ संचालक ग्रंथ वाचतात, चर्चा करतात आणि मग मत देतात. २००६ सालच्या ग्रंथांतून भारतीय लेखिका किरण देसाई यांच्या 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' या कादंबरीस हा मान लाभला. विशेष हे की, उत्कृष्ट समीक्षकाचाही येथे गौरव होतो. कारण पारख करणाऱ्याचीही पारख व्हावी लागते.