कांद्याची वाट कुठे अडते?

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिले. आज या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ट्रक अडण्याची धास्ती वाटते, कारण त्यात त्याचाच माल असतो.

आंबेगाव-जुन्नरचा कांदा मंचर, ओतूर, आळेफाट्याच्या बाजारांत जातो. तिथून वाशी, पुढे बंदरातून दुबई, कोलंबो. या वाटेवर आपली कितीतरी बागवान घरे उभी आहेत. कुणाची आडत, कुणाची हातगाडी. वाट एका जागी अडली की शेतापासून गल्लीतल्या चुलीपर्यंत सगळ्यांनाच झळ बसते.

२०२० सालचा रमजान आठवा. २५ एप्रिलला पहिला रोजा, आणि महिनाभर आधीपासून टाळेबंदी. इफ्तारच्या मागणीवर डोळा ठेवून लावलेली कलिंगडे कितीतरी ठिकाणी शेतातच राहिली. एकाच महिन्याच्या, एकाच बाजाराच्या भरवशावर पीक घेतले की असे होते.

कांद्याचे संकट मात्र आभाळातून आले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो टिकत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. चाळ असूनही उपयोग नाही. अशा वेळी कामी येतो तो देशातला दुसरा गिऱ्हाईक, तोही आधीपासून जोडलेला. ऐन बंदीत फोन केला तर कोण उचलतो!

उन्हाळ कांद्याचे गणित वेगळे. जवळच राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिथले भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण नीट ठेवले तर पाच-सहा महिने टिकतात. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचे, कांदा पातीसकट शेतात आणि मग सावलीत सुकवायचा, मान थोडी ठेवून पात कापायची, चाळीत खालून हवा खेळू द्यायची. ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको. खर्च फार नाही, शिस्त लागते. (टंचाईत भाव फुगावा म्हणून माल दडवणे ही साठेबाजी. ती आपल्या दीनमध्ये नाकारलेलीच आहे. चाळीतली साठवण ती नव्हे.)

व्यापारी घरांचा धोका मालापेक्षा उधारीत जास्त असतो, असे आम्हाला वाटते. सगळी रक्कम एकाच पार्टीकडे अडकली की तिची अडचण आपली होते. कुणाकडे किती येणे आहे, हे घरातल्या बाईलाही माहीत असावे. वही फक्त दुकानातच का राहावी?

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट आली. ही अट सप्टेंबरात गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. पुढे दिवाळीच्या सुमारास भाव चढले, तेव्हा काहींच्या चाळीत अजून कांदा होता. उरलेले शुल्क संपायला १ एप्रिल २०२५ उजाडला.