संक्रांत पुढे का सरकते?

मकर संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते आणि दिवस तिळातिळाने वाढू लागतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी रुजलेली असली, तरी आकाशातील वस्तुस्थिती तशी नाही. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला; त्यानंतर तीन आठवड्यांनी, १४ किंवा १५ जानेवारीला संक्रांत येते, तोवर मुंबईच्या अक्षांशावरील दिवस सुमारे ७ मिनिटांनी वाढलेलाही असतो. हे अंतर पंचांगकर्त्यांच्या हलगर्जीपणाने पडलेले नसून पृथ्वीच्या एका अतिशय संथ गतीचा तो परिणाम आहे.

सूर्य वर्षभरात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या मार्गाने सरकताना दिसतो, त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशापर्यंत वाढवले आहे अशी कल्पना केली, तर मिळणारे वर्तुळ क्रांतिवृत्ताला दोन ठिकाणी छेदते, कारण पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. यांपैकी ज्या बिंदूतून सूर्य मार्चच्या २० किंवा २१ तारखेला उत्तर गोलार्धात प्रवेश करतो, तो वसंतसंपात होय. सूर्य संपातापासून निघून पुन्हा संपाताशी येतो ते सायन वर्ष, आणि ऋतू याच वर्षाने चालतात. तो एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी येतो ते नाक्षत्र वर्ष. पहिले ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे, तर दुसरे ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे भरते. ही वीस मिनिटे क्षुल्लक वाटतात, परंतु सुमारे ७२ वर्षांत त्यांचा पुरा एक दिवस होतो. इंग्रजी तारखा सायन वर्षाला धरून आहेत, संक्रांत मात्र ताऱ्यांना धरून मोजलेल्या, म्हणजे निरयन, मकर राशीत सूर्य शिरतो तेव्हा येते. म्हणून ती तारखांच्या हिशेबात पुढे सरकत राहते.

दोन वर्षांतील हा फरक पडतो तो संपात स्वतःच ताऱ्यांच्या तुलनेत हलत असल्यामुळे; तो मुळात का हलतो, याचे उत्तर पृथ्वीच्या आकारात आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असून तिचा तेथील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने अधिक आहे. या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य यांची ओढ पडते व ती कललेला अक्ष सरळ करू पाहते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे अक्ष सरळ न होता, वेग मंदावलेल्या भोवऱ्याच्या आरीप्रमाणे, संथपणे गोल फिरतो आणि अशी एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षे लागतात. सूर्याचे वस्तुमान प्रचंड असूनही या कामात जवळच्या चंद्राचा वाटा त्याच्या सुमारे दुप्पट आहे. अक्षाबरोबर विषुववृत्ताची पातळीही वळते आणि वसंतसंपात दरवर्षी सुमारे ५० विकला पश्चिमेकडे मागे सरकतो. यालाच संपातचलन किंवा परांचन म्हणतात. त्यातून साचलेल्या कोनाला अयनांश असे नाव असून तो आज २४ अंशांहून थोडा अधिक आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कस याने जुन्या नोंदींशी ताऱ्यांची स्थाने ताडून ही गती ओळखली. भारतात सहाव्या शतकात वराहमिहिराने, पूर्वीच्या ग्रंथांत सांगितलेले अयनारंभाचे स्थान आपल्या काळाशी जुळत नाही, असे स्पष्ट नोंदवले आहे. उत्तरायण आणि मकर संक्रांत एकाच दिवशी येण्याचा काळ सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा. लोकांच्या तोंडी असलेले समीकरण तेव्हाचे आहे.

मराठी इतिहासातही या सरकण्याची खूण सापडते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, आणि ती आजच्या संक्रांतीची तारीख असल्यामुळे तो संक्रांतीच्याच दिवशी झाला असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात, उलट गणित केले असता, त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली दिसते. पुढे शंभर वर्षांनी ती १२ जानेवारीपर्यंत आली होती. स्वामी विवेकानंदांचा १८६३ मधील जन्म त्याच तारखेचा आणि संक्रांतीचाच.

सण ऋतूंशी बांधावेत की ताऱ्यांशी, हा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मोठ्या तळमळीने लढला गेला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या थोर ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते आणि ऋतूंच्या दृष्टीने त्यांची भूमिका निःसंशय बळकट होती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही सायनच असून तिच्यातला पौष २२ डिसेंबरला, म्हणजे उत्तरायणाच्या तोंडावरच, सुरू होतो. ती सरकारी कागदांपुरती उरावी, ही खेदाची गोष्ट आहे.

निरयन गणना अशीच चालू राहिली, तर आणखी सुमारे ११ हजार वर्षांनी संक्रांत जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी येईल. त्या काळापर्यंत पृथ्वीचा अक्षही आजच्या ध्रुवताऱ्यापासून दूर वळलेला असेल आणि आकाशाच्या उत्तर ध्रुवाजवळ ठळकपणे झळकणारा तारा अभिजित असेल.