बरणी कशाने विटते?

चटणी आणि लोणचे दोन्ही ताटात तोंडी लावायलाच येतात. पण घरोघरी त्यांचा दर्जा एक नव्हता. लोणच्याला बरणी लागते, वर बोटभर तेल लागते आणि ते वर्षभर पुरवायचे तर घरात इतर अन्नही लागते. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या घरात ही तिन्ही नव्हती. पाटा-वरवंटा होता. मजुरीची भाकरी घशाखाली उतरवण्याचे काम मिरची आणि मीठच करी.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. वऱ्हाडाची नोंद आपण करायची. थोडी इथेच करतो.

वाटीभर जवस कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचे. मग त्याच तव्यावर सात-आठ सुक्या मिरच्या आणि थोडे जिरे. निवल्यावर लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि मीठ घालून कुटायचे. वरून तेल घालावे लागत नाही, ते जवसातच असते. त्यामुळेच ही चटणी लवकर खवट होते, आठवड्यापुरतीच करावी.

ठेच्याला खलबत्ताही लागत नाही. हिरव्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायच्या आणि लसूण, जाड मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायच्या. तो त्याच दिवशी संपवावा. कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवू नये. हवेवाचून वाढणारे विषारी जंतू त्यात वाढू शकतात.

झटपट लोणच्यासाठी पाव किलो हिरव्या मिरच्या धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या झाल्यावर चिराव्यात. त्यात पन्नास ग्रॅम मीठ, दोन चमचे मोहरीची डाळ, थोडी हळद आणि पाच-सहा लिंबांचा रस. दुसऱ्या दिवशी खायला येते. वर तेल नसते म्हणून आठवड्यात संपवावे, फ्रिज असेल तर त्यात ठेवावे.

हे टिकते कसे? मीठ मिरचीतले पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढायला लागणारे पाणी त्यांना मिळू देत नाही. लिंबाच्या आंबटपणात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. बुरशीला हवा लागते. मोठ्या बरणीत वरचे तेल ती हवा अडवते. म्हणजे लोणचे विटते ते ओल्या चमच्याने, कमी पडलेल्या मिठाने, ओलसर राहिलेल्या फोडीने.

''बरणीले शिवू नोको, ईटते थे,'' हे मात्र दोघींना ऐकावे लागले : अस्पृश्य बाईला आणि पाळी आलेल्या बाईला. माझ्या मायने दुसऱ्यांच्या शेतात मिरची तोडली, उन्हात पसरली, देठ खुडले. तोवर तिचा हात चालत होता. त्याच मिरचीचे तिखट मीठ-तेलात कालवून बरणीत गेले, की तो विटाळाचा झाला. वास्तविक मीठ, आंबट आणि तेल पडल्यावरच तो पदार्थ बाहेरच्या जंतूंपासून अधिक सुरक्षित होतो! शास्त्र आणि सोवळे यांची दिशाच उलटी आहे.

घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. पाळीची शिवाशिव आपल्याही अनेक घरांत शिल्लक आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्याखाली मुलगी चार दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. चळवळीतल्या पुरुषांना हे ठाऊक नसते, कारण वाढलेल्या ताटापलीकडे ते जात नाहीत.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सुचवतो. वर सांगितलेले लोणचे दोन स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरा. एकीत रोज ओला चमचा घाला. दुसरीला घरातल्या, वर्गातल्या सर्वांनी, ज्यांना 'शिवू नको' म्हटले जाते त्यांनीही, हात लावावा. चमचा फक्त कोरडा हवा. तारखा घालून चिठ्ठ्या चिकटवा, चव कोणी पाहू नका, आणि कोणत्या बाटलीवर आधी बुरशी येते ते विद्यार्थ्यांनाच वहीत लिहू द्या.