कळमन्याचे संत्रे कुठे जाते?

आंबिया बहाराच्या दिवसांत काटोल-नरखेडकडून संत्र्यांच्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजारात येतात. लिलाव होतो, माल पुढे जातो, सडकी फळे मागे उरतात. ती उचलली, की कचरा 'गेला' असे आपण म्हणतो. पर्यावरणाच्या अभ्यासातला पहिला प्रश्न हाच : गेला म्हणजे कुठे गेला?

१० टन संत्र्यांबरोबर बागेच्या मातीतून अंदाजे १५ किलो नत्र आणि साधारण तेवढेच पालाश बाहेर पडते. फळातले पाणी वाफ होऊन केव्हातरी पावसात येईल. कर्ब हवेतून आला होता, तो हवेत परतेल. पालाश मात्र आपणहून काटोलला परतत नाही. म्हणून बागायतदाराला खत विकत आणावे लागते. ऊर्जेची गोष्ट निराळी. फळाच्या साखरेत साठलेला सूर्यप्रकाश कुजणाऱ्या ढिगाची ऊब होऊन बाहेर पडतो आणि शेवटी अवकाशात जातो. तो पुन्हा वापरता येत नाही.

ढीग कसा रचला आहे, यावरही बरेच अवलंबून असते. हवा खेळती असेल तर कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो. भांडेवाडीसारख्या कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात प्राणवायू पोचत नाही. तिथे मिथेनही तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवतो. शिवाय तो पेट घेतो. ढिगातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नत्र उतारावर निघते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते. संथ पाण्यात या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. ते मेले, की कुजताना प्राणवायू खाते. त्याची झळ काठच्या मच्छीमाराला लागते, ज्याने ते संत्रे पाहिलेलेही नसते.

पाठ्यपुस्तकात हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणाचे तीन धडे असतात. आमच्या मते ही विभागणी परीक्षेपुरती ठीक आहे. नत्राचा एकच अणू या तिन्ही धड्यांतून फिरून येतो, हे वर्गात दाखवायला हवे.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. संत्र्याच्या साली तोलाव्यात, उन्हात वाळवाव्यात, वजन घटायचे थांबले की पुन्हा तोलाव्यात. घटलेले वजन कुठे गेले, ते मुलांनी सांगावे. वाळलेल्या साली ओलसर मातीच्या कुंडीत पुराव्यात आणि महिन्याभराने उकरून पाहताना तोच प्रश्न पुन्हा विचारावा; या वेळी उत्तरात पाण्याबरोबर कर्बही यायला हवा.