करवंटीचा कोळसा आणि सुपरकपॅसिटर

नारळाची करवंटी कोकणात पुष्कळदा चुलीत जाते. तिच्यापासून तयार केलेल्या सक्रिय कोळशाला मात्र परदेशांत मागणी आहे, आणि भारत तो निर्यातही करतो. जलशुद्धीकरण केंद्रे व सोन्याच्या खाणी ही त्याची जुनी गिऱ्हाइके होत. करवंटीपासूनच जपानमधील कुरारे ही कंपनी सुपरकपॅसिटरसाठी जो कोळसा बनविते, त्याला कितीतरी अधिक भाव मिळतो. कच्चा माल एकच. भाव ठरतो तो रंध्रांच्या घडणीवरून व शुद्धतेवरून.

बॅटरीत वीज रासायनिक क्रियेने साठते. सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभारित कण, म्हणजे आयन, कोळशाच्या पृष्ठभागाला नुसते बिलगून राहतात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा वापरला तरी टिकतो. उणीव एकच, पण मोठी: लिथियम बॅटरी किलोमागे १५० ते २५० वॉट-तास वीज साठविते, तर बाजारातील सुपरकपॅसिटर जेमतेम ५ ते १०.

ही उणीव भरून काढण्यासाठी कोळशावर संस्कार केले जातात. एका ग्रॅम सक्रिय कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग १,००० ते २,००० चौरस मीटर भरतो. तो वाढवीत नेला की काम झाले, असे पूर्वी वाटे. एक नॅनोमीटरहून अरुंद रंध्रे निरुपयोगी मानली जात, कारण आयनाभोवती द्रावणातील रेणूंचे वेष्टन असते. २००६ मध्ये गोगोत्सी, सिमॉन आदी संशोधकांनी दाखविले की अशाच रंध्रांत साठा वाढतो. आयन वेष्टन काहीसे उतरवून आत शिरतो. कोळशात नायट्रोजनचे अणू मिसळण्याचाही एक मार्ग आहे. ऑक्सिजनयुक्त गट मात्र दुधारी ठरतात: जलीय द्रावणात ते क्षमता वाढवितात, सेंद्रिय द्रावणात गळती वाढवून आयुष्य घटवितात.

अशा शोधांचे आकडे जपून वाचावे लागतात. प्रयोगशाळेत कोळशाचा अगदी पातळ थर लावून ‘ग्रॅममागे’ विक्रम जाहीर होतो. प्रत्यक्ष साधनात धातूचा पत्रा, द्रावण व डबा यांचे वजन धरले, तर कोळसा सुमारे ३० टक्केच उरतो. गोगोत्सी व सिमॉन यांनीच २०११ मध्ये या फसव्या हिशेबाकडे लक्ष वेधले. (ताळेबंदात येणी दाखवून देणी वगळावीत, तसाच हा प्रकार!)

कन्नूर येथे केल्ट्रॉनने इस्रोच्या तांत्रिक सहकार्याने २०२४ मध्ये सुपरकपॅसिटरचा कारखाना सुरू केला. अशा कारखान्यांना लागणारा कोळसा येथील करवंटीपासून बनावयाचा असेल, तर संशोधनास अनुदान देणाऱ्यांनी ग्रॅममागचा विक्रम बाजूस ठेवून पूर्ण साधनाची किलोमागची क्षमता आणि त्या कोळशाचा उत्पादनखर्च, हे दोन आकडे अर्जातच मागावयास हवेत.